मंडईच्या नाटकातला ‘बायल्या’चा विनोद थांबवायचा आहे, गावात या विषयावर चर्चा कशी सुरू करावी?

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी परिसर) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी आमच्या गावच्या नाट्यमंडळाचा आणि वाचनालयाचा सचिव आहे. भाऊबीजेनंतर आमच्याकडे मंडई (गावची जत्रा) भरते आणि त्या रात्री वडशाहून नाट्यकंपनी बोलावून आम्ही तिकिटावर नाटक लावतो. खर्च वजा जाता जे उरते त्यातून शाळेचे आणि समाजमंदिराचे काम होते, त्यामुळे नाटक चालणे ही आमच्यासाठी नुसत्या करमणुकीची बाब नाही.

गेल्या वर्षीच्या नाटकात एक ‘बायल्या’ पात्र होते. मूळ कथानकाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. ते पात्र यायचे, मुरकायचे, कोणीतरी त्याला लाथ घालायचे आणि मंडप हसायचा; असे रात्रभरात पाच-सहा वेळा झाले. आमच्या गावात एक तरुण आहे, जो राइस मिलमध्ये पोती उचलण्याचे काम करतो. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाच-गाण्याच्या लोकनाट्यात, स्त्रीपात्र त्याच्याइतके देखणे या पट्ट्यात कोणी उभे करत नाही. लुगडे तो स्वतः नेसतो, निऱ्या चिमटीत धरून एकसारख्या करतो, आणि पायात चाळ बांधताना दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. त्याला पाहायला शेजारच्या गावांतून बायाबापड्या येतात. त्या नाटकानंतर मात्र पोरांनी त्याला त्या पात्राच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली, मिलमधल्या माणसांनी ती उचलली, आणि यंदा दंडारीच्या तालमीचा निरोप गेला तेव्हा त्याने येत नाही म्हणून कळवले.

तो कोण आहे, त्याच्या मनात काय आहे, हे मी त्याला विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. पण एका नाटकाने एका माणसाचे गावातले स्थान हिरावून घेतले, हे माझ्या डोळ्यांसमोर घडले आहे.

यंदाचे नाटक ठरवायची बैठक जवळ आली आहे. कंपनीला हा भाग गाळायला सांगता येतो का? वाचनालयात समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींविषयी एखादे चर्चासत्र घ्यावे, असे मला वाटते. त्यासाठी मराठीतले कोणते साहित्य, नाटक किंवा चित्रपट घ्यावेत? आणि मंडळातली दोन ज्येष्ठ माणसे म्हणतात की हा विषय काढणे हाच गुन्हा आहे, उद्या पोलीस दारात येतील. त्यांना काय उत्तर द्यावे?

झाडीचा रंगकर्मी

सचिव साहेब, मी बरीच वर्षे झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, रंगमंचावर काम करतो आहे, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते बोलतो.

आपल्याकडे रात्री नऊ-दहाला उघडलेला पडदा पहाटेपर्यंत चालतो. एवढा वेळ प्रेक्षक जागा ठेवायचा तर विनोदी नटाला मोकळीक द्यावी लागते. तो संहितेतले थोडे बोलतो आणि समोरच्या मंडपाचा अंदाज घेऊन पुष्कळसे स्वतःच्या पदरचे घालतो. त्यामुळे तुम्हाला खटकलेला भाग लेखकाने लिहिलेलाच नसेल, अशी दाट शक्यता आहे. याचा एक फायदा असा की तो गाळला तरी नाटकाचे काही अडत नाही. मात्र ही गोष्ट इसार (आगाऊ रक्कम) देण्यापूर्वी बोलायला हवी. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा असतो, कंपनीला तारखा भरायच्या असतात, आणि तारीख पक्की करताना गावाने घातलेली अट मालक निमूट ऐकतो. पडदा उघडायच्या वेळी रंगपटात जाऊन सांगितले तर नट मान हलवील आणि रंगमंचावर जाऊन तेच करील.

दुसरे असे की पुरुषाने लुगडे नेसून नाचणे आपल्या मातीला नवे नाही. खडी गंमत या आपल्या तमाशासारख्या लोकनाट्यात शाहिराबरोबर उभा राहणारा नाच्या, दंडारीतली स्त्रीपात्रे आणि बायका रंगमंचावर येण्यापूर्वीची झाडीपट्टीची नाटके, हे सारे पुरुषांनीच पेलले. तिकडे संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांची नेसण पाहून घरंदाज स्त्रिया तशा नेसू लागल्या. माझ्या लहानपणी नाच्या गिरकी घेऊन थांबला की म्हातारी माणसे त्याच्या पदन्यासाची तारीफ करत. त्याला लाथ घालण्याचा प्रसंग मी त्या वेळी पाहिला नाही. हा प्रकार आपल्याकडे हिंदी सिनेमाच्या नकलेतून शिरला, असे माझे मत आहे.

सोंग आणि माणूस यांत लोक फरक करत नाहीत, याचे मोठे उदाहरण म्हणजे गणपत पाटील. तमाशापटांतला नाच्या त्यांनी इतका हुबेहूब रंगवला की लोक त्यांना खरोखरच तसे समजू लागले, आणि संसारी असलेल्या त्या कलावंताला व त्याच्या घरच्यांना आयुष्यभर टोमणे सोसावे लागले. एवढ्या नामवंत नटाची ही गत झाली, तर मिलमध्ये पोती उचलणाऱ्या पोराचे काय होणार?

माझी सूचना अशी की ते पात्र काढूच नका. त्याला कथानकात काम द्या, त्याच्या तोंडी चार खणखणीत वाक्ये द्या, आणि लाथ मारणाऱ्याची फजिती होऊ द्या. मंडप तेवढाच हसेल. मी हे होताना पाहिले आहे.

वकील, तालुका न्यायालय

ज्येष्ठांच्या शंकेविषयी लिहितो. त्यांना दोष देता येणार नाही, कारण या बाबतीत कायदा काही वर्षे खरोखरच पुढे-मागे होत राहिला. इंग्रजांनी 1860 मध्ये केलेल्या भारतीय दंड संहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 होते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजी नाझ फाउंडेशनच्या खटल्यात प्रौढांच्या संमतीने होणारे खासगी संबंध या कलमातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी तो निकाल फिरवला. आणि अखेर 6 सप्टेंबर 2018 रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने असे संबंध गुन्हा नाहीत असा निर्णय दिला. पुढे 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि तिच्यात या कलमाला जागाच उरली नाही. तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सांगितले. त्या खटल्यात आपल्या महाराष्ट्रातल्या श्रीगौरी सावंत आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी या तृतीयपंथी कार्यकर्त्यांचा सहभाग होता.

थोडक्यात, तुमच्या बैठकीत गुन्हा होण्यासारखे काहीही नाही. 2018 पूर्वीसुद्धा नुसती चर्चा करणे गुन्हा नव्हता.

लग्नाचा विषय मात्र चर्चेत निघाला तर चुकीची आशा दाखवू नका. 17 ऑक्टोबर 2023 च्या सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता दिली नाही आणि तो निर्णय संसदेचा आहे असे म्हटले. त्यानंतर 2024 मध्ये केंद्र सरकारने दोन बाबी स्पष्ट केल्या: शिधापत्रिकेसाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानावे, आणि त्यांना बँकेत संयुक्त खाते उघडायला अडचण नसावी. शहरातल्या वाचकाला शिधापत्रिकेचे महत्त्व वाटणार नाही, पण आपल्याकडे घरात कोण, हे बहुधा त्या पत्रिकेवरूनच पाहिले जाते.

खेड्यात मला दोन प्रकारची प्रकरणे दिसतात, आणि चर्चासत्रात ती अवश्य सांगा. पहिला प्रकार खंडणीचा. मोबाइलवर ओळख करायची, भेटायला बोलवायचे, चित्रफीत काढायची आणि ‘घरी सांगतो’ म्हणून पैसे उकळायचे. अशा मुलाला वाटते की तक्रार केली तर आपणच अडकू, म्हणून तो पैसे देत राहतो. प्रत्यक्षात न्याय संहितेच्या कलम 308 नुसार खंडणी मागणारा गुन्हेगार आहे. दुसरा प्रकार ‘बरे’ करण्याचा. घरचे आधी मांत्रिकाकडे नेतात, मग कोणा डॉक्टरकडे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. आणि लैंगिक कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, असे मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

निवृत्त शिक्षिका, अर्जुनी मोरगाव

झाडीच्या रंगकर्मी दादांनी सांगितलेला इतिहास खरा आहे, पण त्याला थोडा विरोध नोंदवते. नाच्याची तारीफ रात्री होत असे. सकाळी त्याच माणसाला पंगतीत कुठे बसवले जाई, त्याला मुलगी द्यायला कोणी तयार होई का, त्याच्या जातीवरून त्याला काय ऐकावे लागे, हे विचारले तर ते जुने दिवस फारसे सोन्याचे राहत नाहीत. पूर्वी सारे चांगले होते आणि सिनेमाने बिघडवले, असे मंडळापुढे मांडू नका. कलेचे कौतुक आणि माणसाचा मान या दोन गोष्टी आपल्या समाजाने नेहमीच वेगळ्या ठेवल्या आहेत.

आता साहित्याविषयी. सर्वप्रथम डॉ. रामचंद्र सिरस यांचे नाव घ्या, कारण ते आपल्या विदर्भाचे. नागपुरात शिकलेले हे मराठीचे प्राध्यापक अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकवत होते आणि कवीही होते. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा संग्रह. फेब्रुवारी 2010 मध्ये कॅमेरा घेऊन माणसे त्यांच्या घरात घुसली, खासगी क्षणाचे चित्रण केले, आणि विद्यापीठाने निलंबित केले ते सिरस यांनाच. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1 एप्रिलला त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि त्यानंतर आठवड्याच्या आतच ते आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडले. त्यांच्यावरचा हंसल मेहता यांचा ‘अलीगढ’ हा हिंदी चित्रपट 2016 मध्ये आला. त्यात मनोज वाजपेयी यांनी सिरस सरांचे एकटेपण फार संयमाने उभे केले आहे. हा विषय ‘मुंबईच्या श्रीमंतांचे खूळ’ आहे असे म्हणणाऱ्यांसमोर मराठी शिकवणारा, कविता लिहिणारा, आपल्याच मुलुखातला एक मास्तर उभा करणे मला आवश्यक वाटते.

नाटकांत विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ घ्या. 1981 मध्ये मराठी रंगमंचावर स्त्रीचे स्त्रीवरचे प्रेम इतक्या उघडपणे आणणे हे धाडस होते. 1982 च्या ‘उंबरठा’मध्येही महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांच्या संबंधाचा प्रसंग आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण या धाग्यावर आतापर्यंत फक्त लुगडे नेसणाऱ्या पुरुषांची चर्चा झाली. ज्या मुलींचे एकमेकींवर प्रेम असते त्यांना गावात कोणी चिडवतसुद्धा नाही. त्या दिसतच नाहीत. दोघी मैत्रिणी एकत्र बिड्या वळतात, एकत्र रोवणीला जातात, एकत्र पाण्याला जातात आणि मग एकीचे लग्न ठरते. दुसरी महिनाभर जेवत नाही आणि घरचे म्हणतात की तिला बाहेरचे काही लागले. चर्चासत्राला बायका येतील अशी वेळ ठेवा. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी ठेवाल तर समोर फक्त पुरुष बसलेले असतील.

एक काळजीही सांगते. सिरस सरांचा शेवट मृत्यूत आणि ‘मित्राची गोष्ट’मधल्या मित्रा या नायिकेचाही. सगळी यादी अशीच केली तर कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला आपल्या आयुष्याचा हा एकच शेवट आहे असे वाटेल. म्हणून ‘साबर बोंडं’ अवश्य घ्या. रोहन कानवडे यांच्या या मराठी चित्रपटाला 2025 च्या अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळाले. वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातला शेतकरी बाळ्या यांची ती गोष्ट आहे. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात, आई मात्र मुलाला ओळखून असते. गोठा, शेत, भावकी, सुतकाचे नियम, सारे आपल्या ओळखीचे आहे. गावातल्या मावश्यांना त्या आईबद्दल बोलायला सांगा. त्या बोलतील, याची मला खात्री आहे. वाचायला सोपे आणि माहितीपर हवे असेल तर पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू करणारे बिंदुमाधव खिरे यांची मराठी पुस्तके आहेत.

कपाशीचे रान (मूळ यवतमाळ जिल्हा, आता नागपूर)

मी समलिंगी आहे. वडिलांची कोरडवाहू शेती, घरात मी एकटा मुलगा. तुमच्या गावातल्या त्या तरुणाविषयी वाचल्यापासून लिहावे की नाही याचा विचार करत होतो.

नागपुरात 2016 मध्ये पहिल्यांदा समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींचा प्राइड मोर्चा निघाला. सारथी ट्रस्टसारखी संस्था येथे पूर्वीपासून काम करत होती, पण रस्त्यावर दिवसाढवळ्या इतक्या जणांना पाहणे हा माझ्यासाठी निराळाच अनुभव होता. मी तोंडाला रुमाल बांधून चाललो. माझ्या बाजूला एक आई आपल्या मुलाचा हात धरून, चेहरा उघडा ठेवून चालत होती. त्या मोर्चाने मला जे दिले ते मी शब्दांत पुरते सांगू शकणार नाही. तरीही माझ्या गावात तसा मोर्चा काढावा, असे मी म्हणणार नाही. शहरात मोर्चा संपल्यावर माणूस गर्दीत मिसळतो. गावात रस्ता एकच असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने पाण्याच्या टाकीपर्यंत जावे लागते. आपल्याकडची चळवळ वाचनालय, मंडई, बचत गट, शाळा यांतूनच जाईल. म्हणून तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

मात्र दोन विनंत्या आहेत. चर्चासत्राच्या वेळी त्या तरुणाचे नाव, त्याचे उदाहरण, त्याच्याकडे जाणारी एखादी नजरसुद्धा नको. ‘आपल्या गावातही असे आहेत’ हे वाक्य चांगल्या हेतूने उच्चारले तरी सभेतल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळतील. आणि त्याला सहानुभूती दाखवायला जाऊ नका. त्याच्याकडे कलावंत म्हणून जा. दंडारीची बैठक कशी बसवायची, नव्या पोरांना पदन्यास कोण शिकवणार, चाळ कुठून आणायचे, असा सल्ला त्याला विचारा. गेल्या वर्षी जे झाले ते चूक होते आणि यंदा तसे नाटक येणार नाही, एवढे एकदा स्पष्ट सांगा आणि विषय संपवा. माझ्या आयुष्यात असे एका माणसाने केले होते, आमच्या भजनी मंडळाच्या बुवांनी. त्यांनी मला कधी काही विचारले नाही, पण माझी टवाळी झाली त्या आठवड्यात मृदंग माझ्या पुढ्यात ठेवला आणि सर्वांदेखत ‘वाजव’ म्हणाले.

आणखी एक. करमणूक आता मंडपापुरती राहिलेली नाही. आमच्या भागातली कितीतरी मुले लुगडे नेसून लावणीवर नाचतात आणि ते मोबाइलवर टाकतात. त्यांच्याखाली ज्या शिव्या येतात त्या देणारे गावचेच असतात. कधी शाळेतले वर्गमित्र, कधी नात्यातले. ‘ताली’ ही श्रीगौरी सावंत यांच्यावरची वेब मालिका 2023 मध्ये आली तेव्हा तिचे कौतुक करणारा माझा एक चुलतभाऊ अशाच एका मुलाच्या नाचाखाली घाणेरडे लिहिताना मी पाहिला. पडद्यावरचे पात्र स्वीकारणे सोपे असते. म्हणून चर्चासत्रात चित्रपटावर जेवढे बोलाल तेवढेच या मोबाइलवरच्या वागण्यावर बोला, आणि तेही तरुण पोरांसमोर.

मन फार खचले तर 14416 या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तो क्रमांक वाचनालयाच्या फलकावर परीक्षेच्या ताणाच्या, शेतीच्या कर्जाच्या चिंतेच्या सूचनेबरोबर लावा. म्हणजे तो टिपून घेणाऱ्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहणार नाही.

वैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ताई, चर्चासत्र दुपारी तीनला ठेवतो. धान कापणीच्या आधी बायकांना ती वेळ जमेल. नागपूरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे गावातले कोणतेही उदाहरण काढणार नाही. सुरुवात सिरस सरांच्या कवितेने करण्याचा विचार आहे. दंडारीसाठी मी उद्याच मिलवर जातो, पोरांना शिकवायला कोणी हवे आहे हे खरेच आहे.

राहिला प्रश्न कंपनीच्या अटीचा. ती तोंडी सांगावी की लिहून घ्यावी?

झाडीचा रंगकर्मी

लिहून घ्या. वेगळा करार करत बसू नका, मालक बिचकेल. इसाराच्या पावतीवरच तारखेखाली एक ओळ टाका: ‘कोणाच्याही बायकी चालण्या-बोलण्यावरून मारहाणीचा किंवा अपमानाचा विनोद होणार नाही, झाल्यास उर्वरित रकमेतून मंडळ ठरवील ती वजावट होईल.’ खाली मालकाची सही घ्या आणि शक्य झाल्यास विनोदी नटाचीही, कारण बोलणार तो आहे. ताईंनी माझ्या म्हणण्याला घेतलेला आक्षेप मला मान्य आहे. मंडई कोणत्या दिवशी आहे ते कळवा. त्या रात्री माझा प्रयोग नसेल तर मी स्वतः येतो आणि रंगपटात बसतो.